फळीवरची भरलेली बाटली

समुद्राकाठच्या माजोर्लांदिया गावात वाळूच्या बाटल्या भरणाऱ्या बायका पंचवीस-तीस तरी असतील, पण रिकाम्या बाटलीसाठी नखरे करणारी एकच, बेलार्मिना. बाकीच्या बायका आता फोर्तालेझा शहरातून खोकीच्या खोकी नव्या कोऱ्या बाटल्या मागवतात. सगळ्या एका उंचीच्या, एका घेराच्या. बेलार्मिनाला त्या डोळ्यासमोर नकोत. तिचं म्हणणं, बाटली आधी कुणाच्या तरी घरात रिकामी झालेली असावी. लग्नात होवो, बारशाला होवो, नाहीतर मयताला आलेल्या पाहुण्यांत होवो. "जिच्यात कधी काही नव्हतंच, तिच्यात मी काय भरू?" असं ती विचारते, आणि समोरच्याला उत्तर सुचायच्या आत हातातली बाटली उन्हाकडे धरून काचेतले बुडबुडे शोधायला लागते.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं. समुद्राकाठच्या कड्याची वाळू तांबडी, पिवळी, गुलाबी, राखी, जांभळट, पांढरी, जिथे हात घालाल तिथे वेगळी. ती पत्र्यावर उन्हात वाळवायची, फडक्यातून चाळायची. मग लांब दांड्याच्या चमच्याने बाटलीच्या तोंडातून चिमूट चिमूट आत सोडायची आणि सायकलच्या तारेने काचेलगत सरकवत चित्र बसवायचं. डिंक नाही, पाणी नाही, काही नाही. चित्र तळापासून वर चढतं. आधी समुद्र, मग किनारा, मग घराचा उंबरा, भिंत, छप्पर आणि शेवटी आभाळ. पण हे सगळं फक्त काचेलगत, बोटाच्या पेराएवढं जाड. मधल्या पोकळीत साधी वाळू भरत जायची, ती चित्राला पाठीमागून धरून ठेवते. तोंडापर्यंत ठासलं, बूच मारलं, वर मेण ओतलं, की मग ती बाटली बसमधून न्या, उलटी करा, दिवाणखान्यात मांडा, आतला कण हलत नाही. मेण लागेपर्यंत मात्र एक धक्का पुरतो.

बेलार्मिनाला बाटल्यांची ददात कधी नव्हती, कारण तिचा नवरा तिबुर्सियो प्यायचा. शिडाच्या तराफ्यावर मासेमारी करणारा हा माणूस, हाताने सोन्यासारखा, पण किनाऱ्यावर पाय लागला की घसा कोरडा पडायचा. 'तिबुर्सियो रिकाम्या करतो, बेलार्मिना भरते' या विनोदावर गाव वीस वर्षं हसलं. बेलार्मिनाही हसायची. रडून काय करणार? डोळ्यातलं पाणी वाळूत पडलं की वाळू काचेला चिकटते आणि दिवसभराचं काम फुकट जातं.

मग ती टोपली पडली. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली. एका हॉटेलला द्यायच्या तीस बाटल्या भरून तयार होत्या. त्यातल्या अकरा मुलीच्या, सेलियाच्या. एकोणीस वर्षांची पोर, तिच्या पहिल्या खऱ्या बाटल्या. आईपेक्षा बारीक हात होता तिचा, माडाची झावळी न् झावळी मोजून घ्यावी असा. सगळ्या टोपलीत उभ्या होत्या, मेण चुलीवर वितळत होतं. तेवढ्यात तिबुर्सियो आला आणि त्याला मदत करायची लहर आली. प्यायलेल्या माणसाची मदत म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. "तुम्ही बसा, मी नेतो," म्हणत त्याने टोपली उचलली, उंबऱ्याला ठेचकाळला आणि टोपली आडवी झाली. एकही बाटली फुटली नाही. फुटल्या असत्या तर परवडलं असतं. तीस अख्ख्या बाटल्या, आणि आत नुसता राखाडी लगदा. घरं, माड, तराफे, सगळं एकमेकांत कालवलेलं.

त्याच आठवड्यात सेलिया फोर्तालेझाला मावशीकडे निघून गेली. जाताना आईसमोर वाकून म्हणाली, "आशीर्वाद दे, आई." इकडे लेकरं घरातून पाऊल टाकताना आईचा आणि बापाचा, दोघांचाही आशीर्वाद मागतात. ती बापाच्या समोरून तशीच गेली.

तिबुर्सियोने त्या दिवशी दारू सोडली. सोडली म्हणजे कशी, तर जाग्वारीबी नदीकाठच्या एका गुऱ्हाळातून उसाच्या दारूची एक शेवटची बाटली विकत आणली. काच स्वच्छ, पोट गरगरीत, मान आखूड, वर बूच आणि मेण. ती त्याने बेलार्मिनाच्या कामाच्या फळीवर, वाळूच्या डब्यांशेजारी ठेवली. म्हणाला, "ही इथंच राहू दे. डोळ्यासमोर असेल तरच मी सोडली म्हणायची. नसेल तर नुसती मिळाली नाही असं होईल."

बेलार्मिनाने मान डोलावली. पण त्या बाटलीने तिची झोप उडवली. काम करताना पाठीशी बाटली, जेवताना नजरेत बाटली. बाजारातून परत येताना दारात पाय ठेवायच्या आधी ती फळीकडे बघायची. दोन आठवडे तिने काढले. मग एका सकाळी तो जाळी शिवायला गेलेला असताना तिने मेण खरवडलं, बूच काढलं, दारू मोरीत ओतून दिली, उकळून गार केलेलं पाणी आत भरलं आणि नव्याने मेण ओतलं. बाटल्या बंद करण्यात तिचा हात धरणारं गावात कोण आहे? उसाची पांढरी दारू आणि पाणी, काचेतून दोन्ही सारखीच दिसतात. बाटली होती तिथे, तशीच गेली.

तिला वाटलं होतं, महिन्याभरात सांगून टाकू. पण महिना गेला तेव्हा तिबुर्सियो पीत नव्हता, वर्ष गेलं तेव्हाही पीत नव्हता. तो आता समुद्रावर कमी जायचा. बाटल्या धुवायचा, वाळू चाळायचा, मधल्या पोकळीत साधी वाळू ठासायचा. त्याचे थरथरणारे हात हळूहळू शांत झाले. चौथ्या वर्षी कधीतरी, तो परसात बाटल्या पालथ्या घालत होता, तेव्हा बेलार्मिनाच्या मनात आलं की आपला या माणसावर विश्वास बसलाय. आणि लगेच ती बाटली आठवली. कारण आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ज्या बाटलीकडे बघून तू रोज स्वतःशी लढलास, ती मी पाण्याने भरून ठेवली होती, तुझ्यावर पंधरा दिवसही भरवसा टाकला नाही? माणसाची इतक्या वर्षांची लढाई अशी पाण्यात घालायची?

एवढी एकच लबाडी तिने संसारात केली होती आणि ती फळीवर उजेडात मांडलेली होती. त्या बाटलीच्या मेणावर मध्यंतरी एक खळगा पडला होता. बेलार्मिना नेहमी ओल्या चमच्याच्या पाठीने मेण गुळगुळीत करते, त्यामुळे तिला तो खुपायचा. पण उन्हाने मेण बसलं असेल म्हणून तिने उन्हाला दोन शिव्या दिल्या आणि सोडून दिलं. हात लावायची हिंमत तिला नव्हती.

यंदा ऑगस्टमध्ये, वाऱ्याने पत्रे वाजत असताना, रविवारी सेलियाचा फोन आला. बेलार्मिनाचे हात वाळूत असतात म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर डब्याला टेकवून ठेवलेला. तिबुर्सियो खांबांना टांगलेल्या झोळीत पडून ऐकायचा. त्याच्याशी सेलियाचं बोलणं नसायचंच.

"आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, पोरी. जेवलीस?"

"जेवले. आई, मी दोन खोल्या घेतल्यात. स्वतःच्या. चौथ्या मजल्यावर."

"अगं बया! आणि जिना?"

"लिफ्ट आहे गं. ऐक ना, मला आपलं घर हवंय. बाटलीत. काजूचं झाड, अंगण, दार, सगळं. पण ती जुनी पोटवाली बाटली असते ना, तिच्यातच. सरळ बाटलीत घर चेपल्यासारखं दिसतं."

"त्या बाटल्या आता कुठल्या? ते गुऱ्हाळ बंद पडून सहा वर्षं झाली."

"बघ ना कुणाकडे असली तर," सेलिया म्हणाली.

फोन ठेवला गेला. झोळी एकदा करकरली.

"आहे की एक," तिबुर्सियो म्हणाला.

बेलार्मिनाला कळलं होतं, तरी तिने विचारलं, "कुठली?"

"ती काय. फळीवरची."

"ती भरलेली आहे."

"मग रिकामी करू."

"म्हणजे? पिणार आहेस?"

"पितो कशाला?" तो झोळीतून पाय खाली सोडून बसला. "संताला देईन. जन्मभर प्यायच्या आधी पहिला घोट जमिनीवर सांडत आलो, कोळ्यांच्या संत पेद्रोच्या नावानं. घोट घोट दिला त्याला. आता एकदा अख्खी बाटली. तोही म्हणेल, तिबुर्सियोनं मन मोठं केलं."

"काही नको," बेलार्मिना म्हणाली. "त्या काचेत बुडबुडा आहे."

"कुठंय? दाखव."

"आहे. तुला दिसायचा नाही. आणि दारूचा वास राहतो काचेला."

तिबुर्सियो तिच्याकडे बघत राहिला. जिने आयुष्यभर दारूच्याच बाटल्या भरल्या तिच्या तोंडून हे ऐकून कुणालाही हसू आलं असतं. तो हसला नाही. "बरं," म्हणाला आणि वाळू चाळायला परसात गेला.

दुसऱ्या दिवशी लिंदाल्वाचा नवरा एव्हिलासियो काजूची बोंडं घेऊन आला. लिंदाल्वा शेजारीण, सेलियाची धर्ममाता, म्हणून ती आणि बेलार्मिना एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात. एव्हिलासियो मात्र कुणाचा काही नाही, नुसता भोचक. बोंडांची टोपली ठेवता ठेवता त्याची नजर फळीवर गेली.

"अजून आहे होय ही?" त्याने बाटली मानेला धरून उचलली. "या गुऱ्हाळाचा माल म्हणजे काय, हलवली की गळ्याशी बुडबुड्यांची जपमाळ उभी राहायची. बघू तरी..."

"ठेव खाली!" बेलार्मिना एवढ्या मोठ्याने ओरडली की अंगणातली कोंबडी कुंपणावर गेली.

एव्हिलासियोने बाटली जागच्या जागी ठेवली. "अगं पितो आहे का मी? नुसती हलवून बघणार होतो."

"नवसाची आहे ती. हलवायची नाही."

"नवसाची दारू पहिल्यांदाच ऐकली," तो पुटपुटला आणि बोंडांची टोपली तशीच विसरून गेला.

दारात तिबुर्सियो उभा होता, हातात चाळण. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. बेलार्मिनाने मान खाली घालून तारेचं टोक घासायला सुरुवात केली. हलवली असती, तर पाण्याला कसली जपमाळ? पिणाऱ्या माणसाला एका नजरेत कळलं असतं.

"एवढी का ओरडलीस त्याच्यावर?" तिबुर्सियोने विचारलं.

"पडली असती."

"हं," तो म्हणाला.

मग पाच दिवस बेलार्मिना बाटली शोधत हिंडली. लिंदाल्वा सोबतीला होती, म्हणजे निम्मा वेळ सोबतीला आणि निम्मा वेळ टोमण्यांना. एका म्हातारीकडे तशी बाटली मिळाली, तर ती हिरवी. हिरव्या काचेत गुलाबी वाळू आजारी दिसते. दुसऱ्या घरी मिळाली, तर तिच्यात रॉकेल. आराकातीच्या बाजारात मिळाली, तर तळाला केसासारखी चीर.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," लिंदाल्वा बसमध्ये म्हणाली. "घरात अख्खी बाटली आहे, नवरा द्यायला तयार आहे, आणि ही बया माझे गुडघे झिजवतेय. कोमाद्रे, खरं सांग, तुला त्याची भीती वाटते का? उघडली तर प्यायचा, म्हणून?"

"नाही," बेलार्मिना म्हणाली. हे खरं होतं, आणि खरं असूनही तिला ते बोलताना लाज वाटली.

"मग?"

चीर गेलेली बाटली बेलार्मिनाच्या मांडीवर होती. तिने मनाशी ठरवलं, आज सांगायचं. घरात शिरल्या शिरल्या, चपला काढायच्या आधी. त्याने बोलणं टाकलं तरी चालेल, झोळी उचलून पोराटोरांसारखा समुद्रावर झोपायला गेला तरी चालेल, पण आणखी एक बाटली शोधायला ती जाणार नव्हती.

घरी आली तर तिबुर्सियो काजूच्या झाडाखाली दगडावर बसलेला. स्वच्छ सदरा घातलेला, केस विंचरलेले. समोर फळीवरची बाटली, शेजारी मेण खरवडायची सुरी.

"तुझीच वाट बघत होतो," तो म्हणाला. "तू नसताना उघडणार नव्हतो."

"थांब, तिबुर्सियो. मला काहीतरी सांगायचंय."

"सांग की. आधी संताचं होऊ दे. तो माझ्यापेक्षा जास्त वर्षं वाट बघतोय."

"अरे देवाच्या माणसा, ऐक तरी!"

पण त्याने मेणावर सुरी चालवली होती. बूच निघाल्याचा बारीक आवाज आला. तिबुर्सियोने उभं राहून छातीवर क्रूसाची खूण केली, "घे बाबा संत पेद्रो, तुझ्या वाटचं," म्हणाला आणि बाटली उलटी केली. गुडगुड करत सगळं झाडाच्या बुंध्याशी गेलं. वारा त्यांच्याच दिशेने होता, पण नाकाला आला तो फक्त ओल्या मातीचा वास. डबकं साचलं. कुंपणावरची कोंबडी खाली उतरली, डबक्यात चोच बुडवून चार वेळा प्यायली आणि मान ताठ ठेवून सरळ रेषेत निघून गेली.

बेलार्मिना कोंबडीकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. आता भुवया वर जातील, आता नाक फुलेल, आता तो वाकून बोट बुडवील आणि चाटून बघेल. तसं काहीच झालं नाही. तो बाटलीचे शेवटचे थेंब झटकत होता, रोज धुतलेल्या बाटल्यांचे झटकतो तसे.

आणि तिच्या लक्षात आलं. नवल कुणाला वाटत नाही? ज्याला आधीच माहीत असतं त्याला.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"आता तर कोंबडीलाही ठाऊक झालं."

"चेष्टा नको करू. कधीपासून?"

तिबुर्सियो परत दगडावर बसला. "पहिल्याच वर्षी. संत पेद्रोच्या दिवशी. तुम्ही सगळे तराफ्यांच्या मिरवणुकीला गेला होता. माझ्या तराफ्याला फुलं बांधली होती आणि सुकाणूवर एव्हिलासियो. मला कुणी ये म्हटलं नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं. इथं बसून गाणी ऐकू येत होती. भर दुपार होती. उठलो, आत गेलो, मेण काढलं आणि लावली तोंडाला."

बेलार्मिनाच्या हातातली चीर गेलेली बाटली खाली ठेवायची राहून गेली होती.

"पहिल्या घोटाला वाटलं, जीभ मेली," तो सांगत होता. "दुसरा घेतला. पाणी. तेही उकळलेलं, बेचव. मग कळलं. इथंच बसून रडलो, बेलार्मिना. तोंड दाखवायला जागा नव्हती. तीन महिने मिरवलं, सोडली, सोडली, आणि पहिल्या गाण्याला पडलो. पण पडलो, तर खाली तू आधीच गादी घालून ठेवली होतीस. लागलं नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू पाणी भरलंस म्हणायचं, तर मी उघडली हेही सांगावं लागलं असतं." तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "माठातलं पाणी घालून भरली. तुझं मेण वितळवलं. चमचा काही सापडेना, मग अंगठ्यानंच दाबलं. भाजला होता चांगलाच. तू विचारलंस, तर मी म्हटलं कढईला लागला."

"म्हणजे तो खळगा..."

"माझा."

"आणि मी उन्हाला शिव्या घालत बसले!" बेलार्मिनाला एकदम संताप आला. एवढा की तिने शेजारची चाळण उचलून त्याच्या अंगावर फेकली. "नऊ वर्षं! नऊ वर्षं मी इथं झुरतेय, तुला कळलं तर काय होईल म्हणून, लोकांच्या हातातून बाटली ओढून घेतेय, गावभर वेड्यासारखी हिंडतेय, आणि तू झोळीत पडून सगळं बघत होतास?"

"बघत होतो," तिबुर्सियोने चाळण झेलली होती. "एव्हिलासियोवर ओरडलीस तेव्हा तर वाटलं, आता बोलावंच. पण तुझं तोंड बघून माझीच वाचा गेली."

ती त्याच्या शेजारी दगडावर बसली. मग तिला रडू आलं, आणि आसपास वाळू नसल्यामुळे तिने ते येऊ दिलं.

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवससुद्धा नाही."

"बरं केलंस. ठेवण्यासारखा मी होतो कुठं? तू ठेवला असतास तर त्या दुपारी मी संपलो असतो." त्याने बाटली तिच्या मांडीवर ठेवली. "त्यानंतर मात्र नाही हं. कुठंच नाही. विचार पाहिजे तर."

"विचारत नाही," बेलार्मिना म्हणाली.

बाटली धुवायला त्याने एक दिवस घेतला आणि वाळवायला तीन. बेलार्मिनाने खिडक्या लावून घेतल्या, कारण ऑगस्टच्या वाऱ्याला वाळूचं चित्र कळत नाही. पहिल्या दिवशी तळाशी समुद्र बसला, दुसऱ्या दिवशी किनारा आणि त्यावर तांबड्या मातीचं अंगण. गुलाबी वाळू थोडीच उरली होती, ती तिने भिंतीसाठी राखून ठेवली. तिबुर्सियो समोर बसून मधल्या पोकळीत साधी वाळू सोडत होता. तिचं चित्र चढेल तेवढीच त्याची वाळू चढायला हवी, कमी नाही, जास्त नाही. दोघंही बोलत नव्हते. या कामात श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडतात.

चौथ्या दिवशी तो डोळे बारीक करून काचेजवळ वाकला. उंबऱ्यावर दोन तपकिरी ठिपके होते.

"हे काय? कुणाचे पाय हे?"

"वर गेल्यावर कळेल."

"बेलार्मिना, तिनं घर मागितलंय. झाड मागितलंय. माणूस मागितलेला नाही."

"तिनं दार मागितलंय," बेलार्मिना तार न थांबवता म्हणाली. "दारात तू उभा असतोस. तिला यायला उशीर झाला की तिथंच उभा राहायचास, प्यालेला असलास तरी. मी काय खोटं दार करू?"

"काढून टाक. तिला नको असेल."

"आता निघत नाही. पाय बसले."

तेही खरंच होतं. तळापासून वर चढणाऱ्या चित्रातून मधला माणूस काढता येत नाही. काढायचा तर अख्खं घर ओतून टाकावं लागतं. तिबुर्सियोने पुन्हा साध्या वाळूचा चमचा उचलला. संध्याकाळपर्यंत पायांवर गुडघे आले, दुसऱ्या दिवशी सदरा आला, आणि मग त्याची ती काठ कुरतडलेली टोपी. ती करायला बेलार्मिनाला दोन तास लागले. ती चुकली असती तर तो माणूस कुणीही असता.

बाराव्या दिवशी आभाळ झालं. तोंडापर्यंत ठासून त्याने बूच मारलं. चुलीवर मेण वितळलं होतं. बेलार्मिनाने भांडं फडक्यात धरून आणलं, बाटलीसमोर क्षणभर थांबली आणि ते त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"घे. मेण तूच लाव."

"मी? मला कुठं येतं?"

"तुला येतं," ती म्हणाली. "मी बघितलंय."

तिबुर्सियोने तिच्याकडे बघितलं, मग भांड्याकडे. हात जराही न हलू देता त्याने मेण ओतलं. बेलार्मिनाने चमचा पुढे केला नाही. त्याने अंगठा पाण्यात बुडवला आणि त्यानेच मेण दाबलं. "आई गं," तो म्हणाला. मेणावर खळगा पडला. बेलार्मिनाने तो गुळगुळीत केला नाही.

शनिवारी लिंदाल्वा भाचीकडे फोर्तालेझाला जाणार होती. तिने बाटली टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन नेली आणि वाटेत चार जणांना उघडून दाखवली. रविवारी फोन आला. बेलार्मिनाने तो नेहमीसारखा डब्याला टेकवला. झोळीत तिबुर्सियो डोळे मिटून पडला होता, पण झोळी हलत नव्हती.

"आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, पोरी. पोचली?"

"पोचली. खिडकीपासून लांब ठेवलीय, ऊन लागू नये म्हणून." मागे कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं. "दारात माणूस आहे."

"आहे."

"टोपी बरोबर जमलीय." मग तिचा आवाज कामाचा झाला, बाटल्या भरणाऱ्या मुलीचा. "पण आई, वर मेणाला खळगा आहे. बोट लागल्यासारखा. तू असं कधी सोडत नाहीस."

"मेण तुझ्या बापानं लावलंय."

झोळीत तिबुर्सियोने डोळे उघडले.

"टिकेल ना गं ते?" सेलियाने विचारलं.

"टिकेल," बेलार्मिना म्हणाली. "नऊ वर्षं बघितलंय मी."